पुंगळी कुठं पडते

एल्कोच्या दुकानात, काउंटरच्या काचेवर
ऑर्व्हिल टीग तीन बंदुका ओळीनं मांडतो.
तिन्हींच्या मुठी उजव्या हाताला.
चाळीस वर्षांची सवय, त्याचा दोष नाही.
मी एकेक उचलून फिरवून ठेवते.
"अरे हो," तो म्हणतो, "तू डावखुरी, नाही का."

नाही कशी. हॅलोरनबाईंची पट्टी मोडली
पण माझा हात बदलला नाही.
आइताची बोल्टवाली रायफल मी चौदा वर्षं ओढली,
नळीवरून हात पलीकडे नेऊन,
दुसऱ्याच्या ताटातलं जेवावं तशी.

मागच्या थंडीत बेन्यातनं त्याची बुलपप दिली होती.
चाप पुढं, सगळं पोट मागं.
नळी तेवढीच लांब, पण अख्खी बंदूक हातभर आखूड,
कुणी पाय दुमडून बसावं तशी.
पिकअपच्या सीटमागं मावते, दारात अडकत नाही.
पहिल्याच बाराला
पुंगळी उजवीकडून निघाली,
आणि तिच्या उजवीकडे माझं गालफड होतं.

कोयोटी पळाली. कोकरू गेलं.
गालावर मटारीएवढा डाग राहिला.
कोयोटी लागली का, हे सगळ्यांनी विचारलं.

"ही घे," ऑर्व्हिल म्हणतो. "बोल्ट डावा बसवायचा,
खिडकीचं झाकण या अंगाचं त्या अंगाला.
अर्ध्या तासाचं काम. मग ही तुझी."
आणि नेरेआची?
माझी लेक उजवी आहे. मध्यरात्रीनंतर कळपावर ती असते.
अंधारात पाना घेऊन बसायचं का तिनं?
की हा भाजलेला गाल
तिला आंदण द्यायचा?

दुसरी पुढं फेकते, नळीच्या कडेनं.
हुशारी आहे. पण पुंगळी आतल्या बोगद्यात रेंगाळते,
निघते निघते म्हणत दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी.
बंदूक तिरकी करून शेवटचीला बाहेर काढावं लागतं.
पाहुण्यांचं मला आधीच खूप झालंय.

तिसरी खालून टाकते.
बस, एवढंच. खालून.
खटका दोन्ही बाजूंना, मॅगझिनची कळ मधोमध.
या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात,
हिला तर हात कुठला हेच कळत नाही.
चाप मात्र चिखलातून बूट निघावा तसा सुटतो,
आणि किंमत सहा मेंढ्या, वर एक बरा मेंढा.
"सगळं एकीत मिळत नाही, मायते," ऑर्व्हिल म्हणतो.
हे तो माझ्या लग्नातही म्हणाला होता.

दुकानामागं मातीचा बांध आहे, त्यासमोर दहा बार फुकट.
दस्ता डाव्या खांद्यात रोवला, गाल टेकवला,
आणि डोळा आपोआप मिटला.
भाजलेलं कातडं माझं ऐकत नाही.
उघड, म्हटलं. उघडला.
बार.
गालापाशी काहीच आलं नाही.
सेजच्या झुडपांचा वास, थोडा धूर, वारा.
दुसरा बार. तिसरा.
खाली पाहिलं तर बुटाशी पुंगळ्यांचा ढीग,
चालता चालता मेंढी लेंड्या टाकते तसा.
मला हसू आवरेना.
ऑर्व्हिलला वाटलं, नेम चुकला म्हणून हसते.
चुकलाच होता. दोन वीत डावीकडे.

आत येऊन फॉर्म भरला.
पेन साखळीनं काउंटरला बांधलेलं, उजव्या टोकाला,
साखळी माझ्या हातापर्यंत पुरेना.
मग कागदच तिकडे सरकवला, आणि मीही सरकले.
नाव लिहिलं: मायते इतुरास्पे.
पुढची अक्षरं लिहिताना मागची
तळहाताखाली फासत गेली, शाळेतल्यासारखी.
"दुसरा कागद देऊ?" त्यानं विचारलं.
"वाचता येतंय का?"
त्यानं चष्मा वर केला, कागद दिव्याखाली धरला.
"येतंय."
"मग राहू दे."